चार राजधान्यांचा तट

पुणे-हैदराबाद महामार्गावर हुमनाबाद मागे टाकून जहीराबादच्या दिशेनं निघालं, की मन्नाएखेळ्ळी लागतं. नकाशावर या गावावर बोट ठेवावं आणि चारी दिशांना नजर फिरवावी. ईशान्येला बीदर, बहमनी आणि बरीदशाही सुलतानांची राजधानी. पश्चिमेला बसवकल्याण, चालुक्यांचं कल्याण. नैर्ऋत्येला कलबुर्गी, म्हणजे गुलबर्गा, बहमनींचं पहिलं तख्त. दक्षिणेला चिंचोळीच्या पलीकडं, कागिणा नदीच्या काठी मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. चारही ठिकाणं इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहेत. आठशे वर्षांच्या अवधीत दख्खनवर राज्य करणाऱ्यांनी आपली गादी मांडायला पुन्हा पुन्हा हाच टापू निवडला.

शाळेच्या पुस्तकात ही चार गावं चार वेगळ्या धड्यांत येतात. राष्ट्रकूट एका पानावर, चालुक्य दुसऱ्यावर, बहमनी तर वेगळ्याच भागात. पण तट, वेशी, मशिदी, जैनांच्या बसद्या, मदरसे आणि तळी पाहत या गावांतून फिरलं, की धड्यांच्या सीमा टिकत नाहीत. एका राजधानीचा घडीव दगड दुसऱ्या काळाच्या भिंतीत बसलेला दिसतो. एका घराण्याचं नाव दुसरं घराणं मोठ्या हौसेनं मिरवतं. या तटाला वंशावळ आहे, आणि ती राजांच्या वंशावळीपेक्षा लांब आहे. तिचाच हा मागोवा.

इंद्रनगरीला लाजवणारं शहर

सुरुवात मळखेडपासून करायला हवी. राष्ट्रकूट महाराष्ट्राला परके नाहीत. वेरूळचं कैलास लेणं कृष्ण पहिला या त्यांच्याच राजाच्या नावाशी जोडलेलं आहे. ८१४ साली गादीवर आलेल्या अमोघवर्ष नृपतुंगानं मान्यखेटला राजधानीचं रूप दिलं. वर्ध्याजवळच्या देवळी इथं मिळालेला कृष्ण तिसरा याचा ताम्रपट ९४० सालचा आहे. मान्यखेट देवांच्या नगरीलाही खिजवणारं होतं, असं त्यात म्हटलं आहे. स्तुतीचा भाग सोडून दिला तरी या शहराचं नाव खरोखर दूरवर गेलं होतं. ८५१ च्या अरबी वृत्तांतात राष्ट्रकूट राजा ‘बल्हरा’ या नावानं येतो आणि जगातल्या चार थोर राजांत गणला जातो. दहाव्या शतकातला मसूदी त्याच्या राजधानीला ‘मानकीर’ म्हणतो.

या शहरात कोण राहत होतं, हे ग्रंथांवरून कळतं. कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ‘कविराजमार्ग’ अमोघवर्षाच्या दरबारातला. कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला आहे, असं तो सांगतो. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ याच राजाच्या काळातला. पुढच्या शतकात पुष्पदंत हा अपभ्रंश भाषेचा मोठा कवी भटकत इथं आला. थकून नगराबाहेरच्या एका उपवनात बसला असताना राजाचा मंत्री भरत याच्या माणसांनी त्याला आदरानं आत नेलं. भरताच्या आश्रयानं त्यानं ‘महापुराण’ लिहिलं आणि ९६५ साली पुरं केलं.

त्यानंतर सात वर्षांतच हे वैभव लुटलं गेलं. ९७२ साली माळव्याचा परमार राजा सीयक यानं मान्यखेटवर धाड घातली. या घटनेचं साल आपल्याला एका शब्दकोशामुळं निश्चित सांगता येतं. धनपाल या कवीनं आपल्या धाकट्या बहिणीसाठी ‘पाइयलच्छी’ हा प्राकृत शब्दांचा कोश रचला आणि माळव्याच्या स्वारीत मान्यखेट लुटलं गेलं त्या वर्षी तो पुरा केला, अशी नोंद त्यात करून ठेवली. जेत्याच्या गावात एक भाऊ बहिणीसाठी कोश लिहीत होता आणि हरलेल्या गावात पुष्पदंत आता आपण राहायचं कुठं असं विचारत होता. ‘महापुराणा’च्या हस्तलिखितांत त्याचा तो आक्रोशही सापडतो.

आज मळखेडला जाणाऱ्यानं अमोघवर्षाचा वाडा शोधू नये. कागिणेच्या काठावर उभा असलेला किल्ला, त्याचे बुरूज आणि दरवाजे बहुतेक नंतरच्या, मुख्यतः बहमनी काळाच्या बांधणीचे आहेत. राष्ट्रकूट काळाशी धागा जोडतात ती नेमिनाथाची बसदी आणि गावात विखुरलेली शिल्पं. नदीकाठी उत्तरादि मठ आहे, माध्व परंपरेतल्या अक्षोभ्यतीर्थांचं वृंदावन आहे आणि तिथं भाविकांची ये-जा चालू असते. साम्राज्य गेलं, पण पूजा टिकली म्हणून गावाचं नाव टिकलं.

मळखेडचा दगड मात्र मराठी वाचकाच्या पायाखालचा आहे. या पट्ट्यात चुनखडीचे सपाट थर एकावर एक पडलेले आहेत. पहार घालून उचकटले की पातळ लाद्या निघतात. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांच्या ओसरीत, शाळांच्या वर्गांत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर असलेली शहाबादी फरशी ती हीच. त्याच थरांवर आज वाडी, सेडम, मळखेड भागातले सिमेंटचे कारखाने चालतात. किल्ल्याचे दगडही याच जातीचे आहेत. चुनखडीच्या भिंती थरांनी चढतात, पण जमिनीतून निघालेली लादी भिंतीतूनही सहज निघते. पडक्या तटाचा दगड लोकांना घर बांधायला आयता मिळतो. लुटीनंतर उरलेलं मान्यखेट घरोघरी विखुरलं गेलं, याचं हे एक साधं कारण.

कल्याण: नावाची राजधानी

लुटीनंतर वर्षभरातच चालुक्य घराण्यातल्या तैल दुसरा यानं राष्ट्रकूटांची सत्ता संपवली. चालुक्यांनी आधी मान्यखेटमधूनच कारभार केला. अकराव्या शतकाच्या मध्यावर सोमेश्वर पहिला, म्हणजेच आहवमल्ल, यानं राजधानी कल्याणला नेली. काश्मीरहून आलेल्या बिल्हणानं ‘विक्रमांकदेवचरिता’त या नगराचं कौतुक केलं आहे. विक्रमादित्य सहावा १०७६ साली गादीवर बसला, आपल्या नावाचा शक सुरू करून त्यानं पन्नास वर्षं राज्य केलं. याच शहरात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ लिहिली. हिंदू कुटुंबाच्या वारसाहक्काचे खटले पुढं ब्रिटिश न्यायालयांतही ज्या टीकेच्या आधारानं लढले गेले, ती हीच. ग्रंथाच्या अखेरीस कल्याणसारखं नगर झालं नाही आणि होणार नाही, असा अभिमान विज्ञानेश्वर व्यक्त करतो.

विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा यानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. राजानं काय बांधावं, कसं राहावं, काय खावं याचा तो कोश आहे. किल्ल्यांचे प्रकार त्यात आहेत, वाड्यांची रचना आहे. आणि महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, ही नोंदही त्यात आहे. आपल्या ओवीचा एवढा जुना लेखी पुरावा कल्याणच्या राजवाड्यातून यावा, यातच या राजधानीचा पसारा कळतो. तिच्या वेशीतून आत येणाऱ्यांत कन्नड बोलणारे होते आणि मराठीही.

दगडातला एक साक्षीदार मन्नाएखेळ्ळीपासून फार लांब नाही. हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी इथल्या कल्लेश्वराच्या देवळाच्या बाह्यभिंतीवर एक सुंदरी पाठीला बाक देऊन उभी आहे आणि समोरच्या पाटीवर अक्षरं कोरते आहे. ती अक्षरं वाचता येतात, त्यांत विक्रमादित्याची स्तुती आहे. मूर्ती घडवणाऱ्या पाथरवटानं मूर्तीच्याच हातून शिलालेख लिहवून घेतला. सार्वजनिक इमारतीची भिंत हीच राजाच्या जाहीर घोषणेची जागा होती. ते काम एका लाडक्या मूर्तीकडून करून घेण्याची कल्पना विलक्षण आहे.

मग कल्याण बदललं. ११५७ साली कलचुरी बिज्जळानं चालुक्यांची गादी घेतली. हे कलचुरी मूळचे मंगळवेढ्याचे. बसवण्णांचाही उमेदीचा काळ तिथंच गेला. कल्याणमध्ये बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि शेकडो शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, बैठकीतून अनुभवमंटप उभा राहिला. चांभार, न्हावी, नावाडी, दळण कांडण करणाऱ्या स्त्रिया तिथं एका पंक्तीत बसून बोलल्या. आंतरजातीय विवाहावरून ११६७ च्या सुमारास जो आगडोंब उसळला त्यात शरण पांगले आणि बिज्जळ मारला गेला. पुढं देवगिरीच्या भिल्लम यादवानं हा मुलूख घेतला आणि सत्तेचं केंद्र उत्तरेला सरकलं.

कल्याणच्या बाराव्या शतकातल्या वास्तूंपैकी फार थोडं उभं आहे. नारायणपूरचं शिवमंदिर, त्रिपुरांत तलावाचा परिसर, शरणांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गुहा. अनुभवमंटपाची मूळ इमारत नाही. नव्या, भव्य अनुभवमंटपाची पायाभरणी २०२१ च्या जानेवारीत झाली. आज किल्ला म्हणून जो दिसतो तो बहमनी आणि नंतरच्या हातांचा आहे. त्याच्या दरवाजांतून आत जाताना भिंतीकडं नीट पाहावं. चालुक्य काळातले कोरीव दगड तिथं चिऱ्यांच्या रांगेत बसवलेले दिसतात.

हे दगड पाहून लोक लगेच एकच निष्कर्ष काढतात. म्हणून इथला आणखी एक शिलालेख सांगणं मला गरजेचं वाटतं. तो संस्कृतात आहे, १३२६ सालचा. तेव्हा कल्याण दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाच्या अंमलाखाली होतं. एका बंडाच्या धामधुमीत मधुकेश्वराच्या देवळाची मोडतोड झाली होती. सुलतानाच्या स्थानिक अधिकाऱ्यानं, ख्वाजा अहमदनं, लिंगाच्या पुनःप्रतिष्ठेला संमती दिली आणि पूजा पुन्हा सुरू झाली. लेखात सुलतानाला महाराजाधिराज म्हटलं आहे. देऊळ मोडलं हे खरं, सुलतानाच्या राज्यात ते पुन्हा उभं राहिलं हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच दगडावर कोरलेल्या आहेत आणि एक झाकून दुसरी वाचता येत नाही.

राजधानीपण गेल्यावरही कल्याणचं वजन कमी झालं नाही. विजयनगरच्या अळिय रामरायानं आपल्या घराण्याचं नातं कल्याणच्या चालुक्यांशी जोडलं आणि कल्याणपुराचा धनी म्हणवून घेतलं. विजापूरच्या आदिलशहांनी आपल्या अर्ककिल्ल्याच्या दाराशी चालुक्यकालीन खांब मांडले. सोळाव्या शतकातले एकमेकांचे हे वैरी चारशे वर्षांपूर्वीच्या एकाच राजधानीकडून मोठेपण मागत होते.

गुलबर्गा: उघड्या अंगणाविना मशीद

१३४७ साली अलाउद्दीन हसन बहमनशहा दिल्लीपासून वेगळा झाला आणि त्यानं गुलबर्ग्याला राजधानी केली. इथं आधीपासून एक किल्ला होता. बहमनींनी तो दुहेरी तटाचा केला, भोवती रुंद खंदक खणला आणि मध्यभागी बाला हिसार हा भरीव, जाड भिंतींचा बुरुजवजा कोट उभा केला.

किल्ल्याच्या आतली जामा मशीद १३६७ सालची. बांधकामावर रफी नावाच्या इराणमधल्या कझवीनच्या माणसाचं नाव आहे. हिंदुस्थानातल्या मोठ्या मशिदींना मध्ये उघडं प्रांगण असतं. इथं ते नाही. सगळी जागा छताखाली घेतली आहे. मधल्या मोठ्या घुमटाभोवती लहान घुमटांच्या रांगा, आणि कडेला ठेंगण्या खांबांवर पसरलेल्या अतिशय रुंद कमानी. आत उभं राहिलं की कमानीमागं कमान, तिच्यामागं आणखी कमान दिसत जाते. सत्ता जेमतेम वीस वर्षांची होती, शेजारी वारंगळ आणि विजयनगर होतं, तरी गवंड्यानं आधी कोणी न केलेली गोष्ट करून पाहिली. नव्या राजधान्यांत हे धाडस असतं.

राजधानी इथं तीन पिढ्यांपेक्षा थोडी जास्त टिकली. फिरोजशहा बहमनीनं १४०० च्या सुमारास भीमेच्या काठी फिरोजाबाद हे दुसरं शहर वसवलं. त्याचे तट आणि दरवाजे आज शेतांत उभे आहेत. त्याच सुमारास ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज गुलबर्ग्यात आले आणि १४२२ साली इथंच निवर्तले. राजानं शहर सोडलं, पण दर्ग्यामुळं गर्दी तुटली नाही. मळखेडला मठानं जे केलं तेच इथं दर्ग्यानं केलं.

बीदर: जांभ्यात कोरलेला खंदक

१४२२ ला गादीवर आलेल्या अहमदशहा वलीनं राजधानी बीदरला हलवली. जागा हेरणाऱ्याची नजर पक्की होती. बीदर एका पठाराच्या टोकावर आहे, उत्तर आणि पूर्वेकडं जमीन एकदम खाली उतरते. पठार लाल जांभ्याचं, त्याखाली काळा कातळ. जांभा पाणी पिऊन घेतो, काळा कातळ ते अडवतो, आणि दोन थरांच्या सांध्यातून झरे फुटतात. झरणी नरसिंहाच्या गुहेत छातीइतक्या पाण्यातून दर्शनाला जावं लागतं ते याच कारणानं. गुरुद्वारा नानक झिराचा झरा आणि पापनाशचं पाणी याच भूरचनेतलं. बहमनींनी इराणी पद्धतीचे कारेझ खणले. जमिनीखालचा बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतरानं हवा-उजेडासाठी विहिरी, अशी ती रचना. नौबादचा कारेझ अलीकडं साफ करून पुन्हा मोकळा केला गेला आहे. तटाची गोष्ट सांगताना पाणी आधी सांगावं लागतं, कारण वेढा पडल्यावर किल्ला भिंतीवर जेवढा टिकतो तेवढाच पाण्यावर टिकतो.

किल्ल्याची मुख्य बांधणी १४२९ ते १४३२ या काळातली. जांभा जमिनीत असताना मऊ असतो, कापून उन्हा-वाऱ्यात ठेवला की कडक होतो. बांधणाऱ्यांनी याचा दुहेरी फायदा घेतला. खंदक खणताना निघालेले चिरे तटाला वापरले. सर्वांत नाजूक बाजूला खंदक एकेरी न ठेवता तिहेरी केला आणि मधल्या दोन भिंती रचल्या नाहीत, मूळ खडकच तेवढा राखून बाकीचा कोरून काढला. कैलास लेणं वरून खाली कोरणाऱ्यांच्या दख्खनमध्ये हे नवल वाटू नये. ही युक्ती पाहायला तरी बीदरला जावं.

दरवाजांची नावं वाचली की राज्याचा नकाशा कळतो. किल्ल्याला मांडू दरवाजा, दिल्ली दरवाजा, कल्याणी दरवाजा, कर्नाटक दरवाजा आहे. शहराच्या तटाला शहागंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन, तळघाट. किल्ल्यात शिरताना आधी शरझा दरवाजा लागतो. तो १५०३ सालचा असून त्यावर दोन वाघ कोरले आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी गडांच्या दारांवर दिसणाऱ्या शरभ-वाघांच्या कुळातलेच हे. पुढं जाड भिंतींचा, घुमटाचा गुंबद दरवाजा. वाट सरळ जात नाही, वळते. हत्तीला धावत येऊन दाराला धडक देता येऊ नये म्हणून ते वळण. दारांवर टोकदार खिळे, आतून अडसर, बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपवताना शिवकाळातल्या बांधणाऱ्यांनी हीच गरज वेगळ्या पद्धतीनं भागवली.

या दरवाजांवर रोज काय चालत होतं, हे १४७० च्या सुमारास बीदरला आलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे आणि प्रत्येक दारावर शंभर पहारेकरी आणि शंभर लेखनिक असल्याचं तो सांगतो. कोण आत गेलं ते एक लिहितो, कोण बाहेर पडलं ते दुसरा. परदेशी माणसाला आत सोडत नाहीत. रात्री कोतवालाचे हजार घोडेस्वार दिवे घेऊन शहरात गस्त घालतात. म्हणजे दरवाजा हे केवळ फळी-लोखंडाचं काम नव्हतं. ती एक कचेरीच होती, जकात घेणारी, नोंद ठेवणारी, माणसाची ओळख विचारणारी.

मराठी मनातलं बीदर याच दारातलं आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना लुटू देतात. मग त्यांच्यावरचं संकट टाळायला विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बेदरच्या बादशहापुढं जातो आणि धान्याची किंमत मोजून पावती घेतो. ही संतपरंपरेतली कथा आहे. पण ती रचणाऱ्यांना आणि शतकानुशतकं कीर्तनात ऐकणाऱ्यांना बीदरच्या दरबाराचा दरारा ठाऊक होता. ज्या दारात शंभर लेखनिक नाव विचारत बसलेले, तिथून ज्याला कुठल्याच दारातून प्रवेश नव्हता असा माणूस आत जातो. या कथेचं बळ त्या दाराच्या कडेकोट बंदोबस्तातून आलेलं आहे.

निकितिननं ज्याच्या सत्तेचा थाट पाहिला त्या वजीर महमूद गावानानं १४७२ साली बीदर शहरात मदरसा बांधला. तो इराणमधल्या गीलानचा. तीन मजली इमारत, चौकाभोवती वर्ग आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या, दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चकचकीत फरशांची नक्षी, आणि आत समृद्ध ग्रंथालय. राजधानीतली सर्वांत देखणी इमारत वाडा नसून शाळा आहे, हे बीदरचं मोठेपण. गावानाला मात्र १४८१ साली खोट्या पत्राच्या कारस्थानात अडकवून सुलतानाच्या हुकमानं मारलं गेलं. बहमनी राज्याची पाच शकलं होण्याची सुरुवात तिथूनच धरतात.

बरीदशहांनी बीदर सांभाळलं. अली बरीदच्या काळातला रंगीन महाल, त्यातलं कोरीव लाकूड आणि काळ्या दगडात जडवलेला शिंपला पाहिला की लहान राज्यालाही किती बारीक हात असू शकतात ते कळतं. पण तोवर तटाचा शत्रू बदलला होता. हत्ती आणि शिड्यांऐवजी तोफा आल्या. बीदरच्या बुरुजांवर मोठ्या तोफा चढल्या, मुंडा बुरुजासारखे गोलाकार, बुटके बुरूज दारूगोळ्याच्या मारासाठीच. १६५७ साली औरंगजेबानं वेढा घातला तेव्हा सिद्दी मर्जान हा म्हातारा किल्लेदार नेटानं लढला. शेवटी बुरुजाजवळच्या दारूसाठ्यावर ठिणगी पडून स्फोट झाला, मर्जान भाजला गेला आणि किल्ला पडला. त्याच वर्षी कल्याणही पडलं. १६९६ साली मदरशात साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन त्याचा दर्शनी भाग आणि एक मिनार कोसळला. जो तट बाहेरच्या तोफांनी मोडला नाही त्याला आत साठवलेल्या दारूनं धोका केला, आणि शाळेला तर तिचा दारूखाना केल्यानं.

दगड टिकतो तो कशानं

चारही ठिकाणं एका ओळीत ठेवली की उत्तर स्पष्ट होतं. सर्वांत मोठं साम्राज्य मान्यखेटचं, आणि सर्वांत कमी अवशेष तिथंच. कल्याणचं नाव सर्वांत दूर पोचलं, इमारती मात्र गेल्या. बीदरची सत्ता त्यांच्या तुलनेत लहान आणि तिचा तट आजही शहराला कवेत घेऊन उभा. काळाचं अंतर हे एक कारण आहेच. दुसरं कारण वापराचं आहे. बीदरच्या शहागंज आणि फतेह दरवाजांतून आजही लोक बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जातात. चौबारा मनोऱ्याभोवती आजही दुकानं उघडतात. अष्टूरला अहमदशहा वलीच्या कबरीवरच्या उरुसाला मड्याळचे जंगमस्वामी पायी येतात आणि भाविक त्या सुलतानात अल्लमप्रभू पाहतात. बिद्रीकाम करणारे कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्याला शेवटचा काळा रंग आणायला किल्ल्यातल्या जुन्या बांधकामांखालची माती नवसागराबरोबर उकळतात. ऊन-पाऊस न लागलेल्या त्या मातीनं धातू काळा पडतो आणि चांदीची वेल पांढरीच राहते. सहाशे वर्षांचा तट आजही कोणाला तरी भाकरी देतो.

वापराइतकीच गरज लागते ती नोंदीची. हैदराबाद संस्थानचं पुरातत्त्व खातं १९१४ साली सुरू झालं. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी बीदरच्या इमारती साफ करवल्या, मोजल्या, शिलालेख वाचले आणि १९४७ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बीदरबद्दल आज आपण जे खात्रीनं बोलतो त्यातलं पुष्कळसं त्यांच्या त्या श्रमांचं फळ आहे. मळखेडच्या वाट्याला असा यझदानी आला नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, गेले आणि बीदर, कलबुर्गी म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून या वारशाला दोन राज्यांत सावत्रपणा आला. महाराष्ट्राला राष्ट्रकूट वेरुळापुरते आठवतात, बहमनी दामाजीपंतांच्या कथेपुरते. कर्नाटकातल्या प्रवासी नकाशावर हंपी आणि विजापूरच्या मागं या चार गावांचा क्रमांक लागतो. २०१४ साली बीदर आणि गुलबर्ग्याचा समावेश, विजापूर आणि गोवळकोंड्याबरोबर, युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. ते चांगलंच झालं. पण त्या यादीत मान्यखेट आणि कल्याण नाहीत. ज्या दोन राजधान्यांचं दगडी शरीर आधीच विरळ झालं आहे, त्यांनाच राखणीची गरज जास्त आहे.

कायदा आहे. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. पण मळखेडच्या एखाद्या घराच्या जोत्यात बसलेला कोरीव दगड किंवा बसवकल्याणच्या बांधावर पडलेली वीरगळ ही कुठल्याच संरक्षित यादीत नसते. ती वाचवणं तिथं राहणाऱ्याच्याच हातात आहे.

म्हणून या सीमाभागातल्या वाचकांना एक मागणं आहे. तुमच्या गावात घर पाडताना, विहीर उपसताना, देवळाचा जीर्णोद्धार करताना अक्षरं कोरलेला किंवा नक्षीचा दगड निघाला, तर त्याला ऑइलपेंट फासू नका, सिमेंटमध्ये गाडू नका, आणि फोडून पायात भरू तर मुळीच नका. त्याचा फोटो काढा, तो जिथं सापडला ती जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवा. मुलांना सहलीला बीदरला नेता तसं मळखेडलाही न्या, आणि जाताना वाटेत जलसंगीला थांबून लिहिणारी ती सुंदरी दाखवा. या चार राजधान्यांचे राजे आता नाहीत. त्यांच्या तटाचे वारस आपण आहोत, आणि तो उरेल की नाही हे यापुढं आपल्यावरच आहे.